तायडे सरांचे पंधरा सेकंद

तायडे सर कुणाला नमस्कार करत नसत, हातात हातही देत नसत. समोरून माणूस आला की ते सरळ त्याचं मनगट धरायचे. अंगठ्याखालची ती नाडीची जागा त्यांच्या दोन बोटांना न बघता सापडायची. डाव्या हातात स्टॉपवॉच, नजर त्याच्यावर, ओठ पुटपुटताहेत. पंधरा सेकंद झाले की मोजलेल्या ठोक्यांना चाराने गुणायचं आणि आकडा साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा जाहीर करायचा. "शहात्तर! झकास! जा!" किंवा, "ब्याण्णव? काय हो, घरून भांडून आले का?" आणि गंमत म्हणजे माणूस खरोखरच भांडून आलेला असायचा.

एरंडोलच्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक आणि मी मराठीचा. अठरा वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली. ते गेल्यावर शाळेत सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलतात, मी तेवढा गप्प बसतो. माझा स्वभावच कमी बोलण्याचा आहे असं लोक समजतात आणि तो समज मी सोयीने सांभाळलेला आहे. खरं कारण निराळं आहे. ते आज लिहायला बसलोय. लाज वाटतेय, आणि तरी आतून मैदानावर उतरायच्या आधी पोरांना होते तशी तगमगही होतेय. त्याला इलाज नाही. तायडे सरांना संथपणे आठवताच येत नाही.

कारण तो माणूस कधी चाललाच नाही. स्टाफरूमपासून नळापर्यंत जायचं तरी अर्धवट पळत. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना रोज सकाळी वर्गातले उरलेले खडू ओले करून फासायचे, त्यामुळे ते गेले त्या वाटेवर पांढुरके ठसे उमटायचे. मूळचे सावद्याचे. वडील केळीच्या बागेतून ट्रकपर्यंत खांद्यावर घड वाहायचे. सरांच्या पिशवीत बाराही महिने केळी, आणि हातात केळं दिल्याशिवाय ते कुणाला रागवायचे नाहीत. "आधी खा. रिकाम्या पोटी बोलणं ऐकायचं नसतं."

सकाळी ते फाटकापाशी उभे राहायचे आणि आत येणाऱ्या पोरांचे पाय बघायचे. चेहरे नाहीच. "चेहरा पोरं बसमध्येच ठीक करून येतात हो मास्तर. पाय ठीक करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही." मग मध्येच एखाद्याला बाजूला घ्यायचे. "तू आज पाय ओढतोय. काय झालं?" दहातल्या सात वेळा काहीतरी झालेलं असायचंच.

त्यांची बोली सावद्याकडची. आमच्या भागातली अहिराणी ते नोकरीला आल्यावर शिकले आणि मोडकीतोडकी, पण बेधडक बोलायचे. पोरं खो खो हसायची. "हसा रे, बठ्ठे हसा! पण काय चुकलं ते पण सांगा!" उलट मी. मी साक्रीकडचा. अहिराणीत जन्मलो, आणि ती जिभेवरून पुसायला मला पंधरा वर्षं लागली. वर्गात कुणी 'आहे'च्या जागी 'शे' म्हणालं की मी खडू थांबवून त्याच्याकडे बघायचो. नुसतं बघणं पुरायचं.

पोरांच्या हातात मोबाईल आले तेव्हा आम्ही बाकीचे शिक्षक दोनच गोष्टी करायचो. जप्त करायचे किंवा भाषण द्यायचं. तायडे सर पोरांच्या शेजारी मांडी घालून बसायचे. "मला पण दाखव ना." मग ते रील बघून मनापासून हसायचे, "अरे परत लाव, परत लाव!" आणि तेवढ्यात पोराचं मनगट यांच्या हातात गेलेलं असायचं.

एकदा त्यांनी हेडसरांची खास परवानगी काढली आणि नववी 'ब'च्या पोरांना एका दिवसापुरते मोबाईल आणायला सांगितलं. तास माझा होता. "मास्तर, आज व्याकरण राहू द्या, तुमच्या फळ्यावर मला रकाने आखून द्या." मी दिले आखून. पहिला रकाना: नुसतं बसून. दुसरा: रील बघताना. तिसरा: स्वतःचा फोटो टाकून उत्तराची वाट बघताना. सर शिट्टी फुंकायचे, पोरं आपापली नाडी मोजायची, पंधरा सेकंदांनी दुसरी शिट्टी, आणि मग आकड्यांचा नुसता पाऊस! अठ्ठ्याऐंशी सर! शंभर सर! सर माझं एकशे चार!

एक पोरगा उभा राहिला. "सर, मी काही केलंच नाही. मेसेज पाठवला, तिकडे वाचला गेला, पण उत्तर नाही आलं. एकशे आठ."

वर्ग कोसळला हसून. सर मात्र फळ्याजवळ उड्या मारायचे तेवढे बाकी राहिले होते. "अरे बाप रे! तुम्ही तर बसल्या बसल्या पळताय! मी मैदानावर पळवतो तेव्हा रेष असते, रेषेपाशी थांबायचं. इथं थांबायची रेष कुठे शे? आं? कुणी आखली?"

गोंगाट ऐकून हेडसर आले. आले ते सापडलेच. आधी नुसते उभे असताना चौऱ्याऐंशी. मग तायडे सर म्हणाले, "आता तालुक्याच्या मुख्याध्यापकांचा ग्रुप उघडा." हेडसरांनी चष्मा सावरत उघडला. अठरा न वाचलेले मेसेज. एकशे बारा! पोरांनी बाकं बडवली. हेडसर स्वतःच हसत सुटले आणि जाता जाता म्हणाले, "तायडे, मला एक केळं द्या."

त्या दिवशी फळ्यावर आकडे लिहीत होती ती दीपाली. धरणगावच्या वाटेवरच्या एका खेड्यातून एसटीने यायची. वडील भास्करभाऊ, कापसाची शेती. काटक, सावळी, पुढचे दात जरा मोठे, आणि खो-खोत अशी पळायची की बघणाऱ्याची मान दुखावी. तिची बसलेली नाडी चौसष्ट आली तेव्हा सर ओरडले होते, "चौसष्ट! पोरगी नाही हे, घड्याळ शे घड्याळ!"

आता माझी गोष्ट.

शाळेच्या मैदानावर सामना होता, आपापसातलाच. मी खेळाच्या खोलीच्या दारात उभा होतो, तायडे सरांच्या रिकाम्या खुर्चीमागे. दीपालीने एका पोरीच्या पाठीवर खो दिला आणि ती पोरगी उठलीच नाही. झालं! दीपालीने जमिनीवर हात आपटला, केस तोंडावर, नाक वाहतंय, रागाने रडतेय आणि ओरडतेय, "ऊठ ना वं! बठी काय ऱ्हायनी? पय ना माय, पय!" मी मोबाईल काढला. पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ. डी.एड.च्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'मराठीच्या मास्तराचं नशीब बघा', आणि पुढे तीन हसरे चेहरे. वाईट हेतू नव्हता, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. हेतू हसवण्याचा होता. कुणाच्या जिवावर, हा प्रश्न पडला नाही.

तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ जगात होता. कुणीतरी त्याला ढोलकी जोडली, 'पय ना माय', म्हणजे 'पळ ना बाई', हे तीन शब्द दहादा कापून चिकटवले, चेहरा मोठा करून थांबवला. खाली लोकांनी लिहिलं. तिच्या दातांवर, रंगावर, गावावर, आईबापांवर. ते इथे लिहीत नाही. ती मात्र सगळं वाचत होती, एकूणएक, वडिलांच्या मोबाईलवर.

आणि मी काय करत होतो? जे कुणालाच सांगितलेलं नाही ते हे. पहिले दोन दिवस मी खूश होतो. मित्र लिहीत होते, 'भाऊ, तुझा व्हिडिओ पेटला!' चहा घेताना मी किती जणांनी बघितला तो आकडा बघायचो, कप खाली ठेवून परत बघायचो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, मुलांना मोबाईलच्या दुष्परिणामांवर निबंध लिहायला सांगणारा. त्या दोन दिवसांत कुणी माझी नाडी मोजली असती तर फळ्याचा तिसरा रकाना तिथेच भरला असता.

मग दीपाली शाळेत यायची बंद झाली. तिची मैत्रीण सांगायची. जेवत नाही. झोपत नाही. ओढणी तोंडावर घेऊन कोपऱ्यात बसते. आरशासमोर उभी राहून 'आहे, आहे, आहे' म्हणत शुद्ध बोलायचा सराव करते. आणि मग एक दिवस बोलायचीच थांबली.

हे आरशाचं मला तायडे सरांनी सांगितलं. स्टाफरूममध्ये, नेहमीसारखं मनगट धरून. "मास्तर, ती आरशात बघून 'आहे, आहे' म्हणते हो." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पंधरा सेकंद झाले असतील. त्यांनी हात सोडला नाही. तीस झाले. बोटं तिथेच. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आकडा सांगितला नाही. हात अलगद टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि म्हणाले, "पाणी प्या मास्तर."

दोन दिवसांनी हेडसरांच्या खोलीत बैठक झाली. भास्करभाऊ आले होते. अंगावर शेतातलेच कपडे, डोळे लाल. "मन्ही पोर चार दिनफाईन जेवनी नई. व्हिडिओ कोनी काढा? माले तेवढं सांगा."

हेडसरांनी व्हिडिओ लावला. सगळे वाकून बघायला लागले. कोपऱ्यात खुर्चीचा हात दिसत होता आणि त्यावर लटकलेली शिट्टी. लाल दोरी. ती शिट्टी कुणाची हे शाळेतलं शेंबडं पोरही सांगेल. सर्वांनी तायडे सरांकडे बघितलं. तायडे सरांनी एकदाच, एकच क्षण, माझ्याकडे बघितलं.

मग ते पुढे झाले. "मैदान माझं शे भाऊ. मैदानावर जे होतं त्याचा जबाबदार मी."

भास्करभाऊंनी त्यांची कॉलर धरली. शर्टाचं वरचं बटण तुटून माझ्या बुटापाशी आलं. मी हजेरीपट उघडला आणि त्यात बघत बसलो. ते बटणही मी उचललं नाही.

सरांकडून खेळाचा चार्ज काढून घेतला. त्यांच्याकडे पोषण आहाराच्या नोंदी दिल्या. आणि खेळाचा चार्ज कुणाकडे? मराठीला तास कमी म्हणून, माझ्याकडे. लाल दोरीची शिट्टी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. "फुंकायच्या आधी ओठ ओले करा मास्तर, नाही तर शीळ फाटते."

दुसऱ्याच दिवसापासून हा माणूस शाळा सुटली की जुन्या स्कूटरवर बसून दीपालीच्या गावाला जायला लागला. तिथे भास्करभाऊंनी त्यांना ओट्यावर पाय ठेवू दिला नाही. बरोबरच होतं, त्यांच्या लेखी तोच गुन्हेगार. मग सर समोरच्या मारुतीच्या पारावर बसले, पिशवीतून केळी काढली, स्टॉपवॉच काढलं आणि गावातल्या बारक्या पोरापोरींच्या शर्यती लावल्या. पारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, दीपाली पूर्वी पळायची तीच वाट, तिचं अठरा सेकंदांचं रेकॉर्ड अख्ख्या गावाला पाठ. रोज! "अठ्ठावीस! शाबास! तू, एकतीस, काल तेहतीस होते, पुढे गेली की नाही? पुढचा कोण?" अख्खी गल्ली गोळा व्हायची. दीपालीच्या घराची खिडकी बंद. सर तिकडे बघायचेही नाहीत.

एक दिवस मला म्हणाले, "चला मास्तर माझ्याबरोबर. गुणाकाराला माणूस पाहिजे." मी मागे बसलो. अकरा किलोमीटर. त्यांची पाठ घामाने भिजलेली, आणि तोंडाने दोन्ही बाजूंच्या कापसाचं कौतुक चाललेलं.

त्या संध्याकाळी त्यांनी शेजारची सातवीतली एक पोरगी पळवली आणि ती टाकीला पोचायच्या आतच पारावर चढून गावभर ऐकू जाईल असे ओरडले, "सतरा! सतरा सेकंद! दीपालीचं अठराचं रेकॉर्ड गेलं! ऐकलं का हो, रेकॉर्ड गेलं!"

ती पोरगी बिचारी अजून पळतच होती.

आणि बंद खिडकीतून आवाज आला. फाटका, बारा दिवस न वापरलेला. "खोटं शे!"

गल्ली थांबली. सरांनी पाराच्या कठड्याला धरलं. मला वाटलं पडतात की काय.

"काय खोटं शे?" तेही खिडकीकडे न बघता.

"बठ्ठं खोटं शे! तिन्हा पाय तेवढा पडसच नई!"

"मग घड्याळ काय खोटं बोलतं का?"

"घड्याळ नई. तुम्ही!"

सर पारावरून असे खाली उतरले की खडूची धूळ उडाली. माझ्या दंडाला धरून कानात म्हणाले, "मास्तर, बोलली! भांडली! भांडली हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. परतीच्या वाटेवर स्कूटर चालवताना ते 'खोटं शे, खोटं शे' असं चालीवर म्हणत होते. मी त्यांच्या मागे बसून ऐकत होतो. तेव्हाही सांगता आलं असतं.

तीन दिवसांनी ती दारात आली. पाचव्या दिवशी पळाली, ओढणी तोंडाला घट्ट बांधून. तेवीस सेकंद. टाकीपाशी जाऊन ओकली. सर म्हणाले, "वाईट! फार वाईट! उद्या ये."

वाचणाऱ्याला वाटेल, झालं, सुटलं. तसं नव्हतं. दोन दिवस पळायची, मग कुणीतरी नवीन कापाकाप करून तोच व्हिडिओ टाकायचं आणि ती पुन्हा कोपऱ्यात. जळगावला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं सरांनी काढलं तेव्हा भास्करभाऊ उसळले. "आमनी पोर येडी नई शे."

"नाहीच. पण भाऊ, तिचा घोटा निखळला असता तर बैलगाडीत घालून नेली असती की नाही? तेव्हा गावाला विचारलं असतं का?"

उत्तर दीपालीच्या आईने दिलं. ती आतून पिशवी घेऊनच बाहेर आली. "मी जास पोरले लई. तुम्ही घर सांभाळा."

सर त्यांच्याबरोबर जायचे, दर पंधरवड्याला, आणि बाहेर बसून रांगेतल्या पेशंटांना केळी वाटायचे. डॉक्टरीणबाईंनी थोडी औषधं दिली, पुष्कळ वेळ दिला. मोबाईल हिसकावून घेतला नाही. ठरलं ते असं की लोकांनी लिहिलेलं वाचायचंच असेल तर आईसमोर, आणि आधी-नंतर नाडी मोजून वहीत लिहायची. पहिल्या पानावर एकशे अठ्ठावीस होतं. शंभरच्या खाली यायला अडीच महिने लागले. एक दिवस तिनेच वही मिटली. "आते कंटाळा उना," म्हणाली. सरांनी त्या कंटाळ्याच्या आनंदाप्रीत्यर्थ अख्ख्या स्टाफला चहा पाजला. बाकीच्यांना कारण कळलं नाही, मला कळलं. चहा मीही प्यायलो.

त्या व्हिडिओला पाच महिने झाले तेव्हा धुळ्याला सामने होते. संघाबरोबर चार्जवाला शिक्षक म्हणून मी, गळ्यात लाल दोरीची शिट्टी. तायडे सर स्वतःच्या तिकिटाने आले आणि प्रेक्षकांत बसले. त्यांना आत यायचा अधिकार नव्हता.

दीपालीचं नाव पळणाऱ्यांच्या पहिल्या तिघींत होतं. ती रेषेपाशी आली आणि पलीकडून कुणीतरी ओळखलं. "ए, ती बघ! पय ना माय!" हशा. मग पाच-सहा जण, मग बरेच. 'पय ना माय! पय ना माय!' ढोलकीच्या त्याच ठेक्यात. मोबाईल वर झाले. दीपाली रेषेवर थांबली. पाय आत जाईना. पंचाने हाक मारली. ती माझ्याकडे बघत होती, कारण बाकावर मी होतो, आणि माझ्या तोंडाला कोरड पडली होती. शिट्टी काय, श्वास फुंकता आला नसता.

तेवढ्यात गर्दीत तायडे सर उभे राहिले. डावा हात वर केला आणि उजव्या हाताची दोन बोटं मनगटावर ठेवली. बस. दीपालीने बघितलं. तिनेही स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. सगळं मैदान हसतंय आणि ही पोरगी रेषेवर उभी राहून आपली नाडी मोजतेय! पंच ओरडतोय, मी घामाघूम, आणि तिचे ओठ हलताहेत. मग तिने हात झटकला आणि आत शिरली.

काय पळाली हो! खांबाला वळसा, हुलकावणी, बसलेल्या पोरींच्या मधून साप निघावा तशी. पाठलाग करणारीचे हात तीनदा हवेत मिटले. एक मिनिट. दीड. बरोबरच्या दोघी बाद झाल्या, ही आहेच. आणि आता तायडे सरांना राहवलं नाही. आपल्या मोडक्या अहिराणीत, सगळा जीव गोळा करून ते ओरडले, "पय वं माय, पय!"

धुळ्याचं मैदान ते. बाजूला बसलेल्या बाया, शेंगा विकणारी मावशी, सगळ्यांच्या तोंडची तीच भाषा. शेंगावाली टोपलीसकट उठली, "पय वं माय! पय!" मग तिच्या शेजारची. मग ती अख्खी बाजू. तेच शब्द, ठेका मात्र त्या पोरीच्या पायांचा. पलीकडच्या हसणाऱ्यांचा आवाज कुठे बुडाला कळलंही नाही. सव्वातीन मिनिटं पळाली ती.

आम्ही हरलो. एका गुणाने. शेवटचा गडी बाद दिला त्यावरून दीपाली पंचाशी भांडायला गेली. केस तोंडावर, नाक वाहतंय, रागाने रडतेय, अहिराणीत ओरडतेय. पाच महिन्यांपूर्वीचं तेच चित्र. भोवती वीस मोबाईल वर झाले. तिने ते बघितले, मी बघितलं की तिने बघितले. आणि ती थांबली नाही. भांडतच राहिली.

ती परत आली, बाकावर माझ्या शेजारी बसून पाणी प्यायली, आणि मी म्हणालो, "दीपाली, तो व्हिडिओ मी काढला होता. तायडे सरांनी नाही."

कसं निघालं तोंडातून कोण जाणे. योजलं नव्हतं.

तिने बाटली खाली ठेवली. "तुम्ही? सर, तुम्ही?" आणि मग, "कशाला?"

मला खरं उत्तर एकच होतं. "हसायला."

ती उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मी हेडसरांना लिहून दिलं, भास्करभाऊंच्या ओट्यावर जाऊन सांगितलं. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं, त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि मग म्हणाले, "तुम्ही निंघा आते, माले बोलवत नई." चौकशी झाली, जी कारवाई व्हायची ती झाली. खेळाचा चार्ज कागदोपत्री तायडे सरांकडे परत गेला. तो घ्यायला ते शाळेत आलेच नाहीत. त्या दिवशी सामन्यानंतर ते धुळ्यालाच मुलीकडे थांबले होते, हृदयाच्या तपासण्यांसाठी. जगाची नाडी बघणाऱ्या या माणसाने आपलं मनगट कधी कुणाला धरू दिलं नव्हतं, ते का, हे महिन्याभराने ते गेल्याची बातमी आली तेव्हा कळलं. दीपालीने दहावीचं सगळं वर्ष माझ्या तासाला फळ्याकडे बघून काढलं. विचारलं की उत्तर द्यायची, माझ्याकडे न बघता. आज ती जळगावला शिकते आणि लहान पोरींना खो-खो शिकवते, आणि मी वर्गात 'शे' ऐकून खडू थांबवत नाही. एवढंच.

पण सरांना मी शेवटचं बघितलं ते अजून डोळ्यांपुढे आहे.

धुळ्याचा स्टँड, उन्हं कललेली. आमचा संघ बसमध्ये. मी खिडकीशी, मागच्या बाकावर दीपाली. सरांनी आपलं स्टॉपवॉच त्या दुपारी तिला देऊन टाकलं होतं. ते खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"सांगितलं म्हणे तुम्ही."

"सर, तुम्ही त्या बैठकीत मला का..."

"वेळ कुठे होता मास्तर? चौकशी महिनाभर चालली असती. मला पोरीकडे जायची घाई होती." आणि हात वर करून, "आणा इकडे."

मी हात बाहेर काढला. त्यांची बोटं बरोबर त्या जागी बसली. "दीपाली! घड्याळ लाव!"

मग बटण दाबल्याचा आवाज आला.

बस हलली. सरांनी मनगट सोडलं नाही. ते बसबरोबर पळायला लागले, नेहमीसारखे, आधी अर्धवट आणि मग खरेच, पांढरे बूट धुळीत, ओठ ठोके मोजताहेत, चेहऱ्यावर त्या नववी 'ब'च्या तासाला होता तो आनंद. कंडक्टर ओरडला, पोरी किंचाळून हसायला लागल्या. "थांबा!" दीपाली म्हणाली. सरांनी हात सोडला, मनात गुणाकार केला आणि तोंडाशी हात धरून मोठ्याने आकडा सांगितला. नेमका तेव्हाच ड्रायव्हरने हॉर्न दाबला.

मी वळून बघितलं. ते फाटकापाशी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे होते, हसत. बसने वळण घेतलं.

"काय आकडा सांगितला सरांनी?" मी मागे न बघता विचारलं.

मागून उत्तर आलं. "माले ऐकू नई उनं."

आणि तीस वर्षांनी माझ्या तोंडून माझ्या आईची भाषा निघाली. "माले बी नई."